पोच आली, उत्तर नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

पोच आली! सकाळी ७.४२ ला संदेश सोडला, ७.४२ लाच ओजसच्या रेडिओ सेटवरून पोच. म्हणजे चिरंजीवांचा सेट चालू आहे, आणि संदेश पुढे ढकलणारा गच्चीवरचा माझा रिलेही ठणठणीत.

संदेश असा — ‘आईचं हार्टचं ऑपरेशन १८ ला. ये. बाबा.’ लिपी इंग्रजी, भाषा मराठी. रेडिओवरून एका वेळी सदुसष्ट अक्षरं जातात. मला तेवढीही लागत नाहीत.

फोन नंबर त्याने ऑगस्टमध्येच बदलला. पण रेडिओवरची ओळख, म्हणजे कॉलसाइन, कुठे बदलणार? ते सरकारने दिलेलं! हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी लायसन्सच्या, परीक्षेला बापलेक एकत्र बसलो होतो. मला चार मार्क जास्त.

पद्माला सांगितलं, “ओजसला कळवलंय.” ती मटार सोलत होती. “बरं,” म्हणाली. एवढंच! झडप बदलायचीय हृदयातली, आणि मुलाचं नाव काढल्यावर नुसतं “बरं”!

बुधवार, ५ फेब्रुवारी

तीन संदेश, तीन पोच. उत्तर नाही.

हॅम क्लबात नवशिक्यांना मीच घसा फोडून सांगतो — पोच सेट देतो, माणूस देत नाही. सेट खिशात असो, कपाटात असो, आपोआप ‘मिळाला’ म्हणून कळवतो. वाचला की नाही, देव जाणे. हे सगळं माहीत असून मी तीनदा खूश झालो. पन्नाशी उलटलेला माणूस!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाच संदेश. पाच पोच.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज त्याच्या सेटला आज्ञा सोडली. प्रश्नचिन्ह आणि पुढे पाच अक्षरं — मध्ये जागा सोडायची नाही. ही आज्ञा मिळाली की सेट मालकाला न विचारता आपला ठावठिकाणा सांगतो. चार सेकंदांत उत्तर: चाकण, आंबेठाण रोड, ताशी ३८ किलोमीटर. यंत्राला विचारलं तर लगेच सांगतं. पोटच्या पोराला विचारावं तर —

खरं तर आज्ञेची गरज नव्हती. दर दोन मिनिटांनी तो सेट जागा सांगतोच. सप्टेंबरपासून रोज जेवायला बसण्याआधी मी कॉम्प्युटरवर नकाशा बघतो. चाकण, तळेगाव, भोसरी — ठिपका हलताना दिसला की ताटावर बसतो. पद्माला वाटतं मी रिले तपासतोय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलात. डॉक्टर तरुण, नीट बोलले. कागद पुढे केले — धोका समजला आहे, मान्य आहे, सही. “घरात आणखी कोण? मुलगा वगैरे?” मी म्हटलं, “आहे. चाकणला असतो.” पद्मा खाली बघत राहिली.

पेन हातात धरलं आणि सही रेघेबाहेर गेली. माझा हात! केसाएवढी तार डाग देऊन जोडणारा!

इथे तरी लिहितो. जुलैत तो तिसऱ्या वर्षातून कॉलेज सोडून आला. ताथवड्याला रोज जायचा, मला वाटायचं इंजिनीअर होतोय. मी बारावी नापास. भोसरीच्या कंपनीत मेंटेनन्सला लागलो, जे येतं ते हाताने शिकलो, कोणी शिकवलं नाही. म्हणून तर याला डिग्री हवी होती! तो म्हणाला, “बाबा, तुमच्यासारखं करत करत शिकेन.” मी म्हणालो, “या घरात अर्धवट शिकलेला एक आहे, तेवढा पुरे. चालता हो.” गेला. जाताना टेबल आवरून गेला, वायरी गुंडाळून. मी शिकवल्या होत्या तशाच.

हे सदुसष्ट अक्षरांत कसं बसवू?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रजा टाकली. हातातला सेट आणि मोटरसायकल घेऊन चाकणला. दर दहा मिनिटांनी थांबायचं, सेटवर त्याची जागा बघायची, तिकडे वळायचं. ट्रेलर, कंटेनर, धूळ — दोनदा चुकामूक झाली. ११.५० ला आंबेठाण चौकापुढे ठिपका थांबला. चहाच्या टपरीसमोर एक टेम्पो. कॅबिनवर अँटेना — कॉइल मी वळलेली, साडेसात वेढे. गाडी स्टँडवर न लावता तशीच टपरीला टेकवली.

टेम्पोत ओजस नव्हता. एक पोरगेला ड्रायव्हर खारी खात होता. नाव ज्योतीराम, तिथल्याच गावचा.

“ओजस कुठाय?”

“ओजसदादा? आमच्या ट्रान्सपोर्टला व्हता दोन म्हैने. मग गेला की गुजरातला! पाच म्हैने झालं.”

“गुजरातला कुठे? फोन?”

“जुना नंबर लागत न्हाई. नवा न्हाई दिला.”

“मग हा सेट?”

“त्यानंच बशिवला. म्हणला, बंद करू नको. आता धा दिस झालं नुसतं टुईं टुईं करतंय. येडं व्हायची पाळी. तुमी व्हय ते?”

मी म्हटलं, “लायसन्स नसताना ट्रान्समीटर चालवणं गुन्हा आहे, माहिताय?”

“काका, मी फकस्त टेम्पो चालवतो.”

टपरीवाला फसकन हसला. मला कुठे बघावं कळेना. बॅगेतला स्क्रूड्रायव्हर काढला, कॅबिनमध्ये चढलो, चार स्क्रू, दोन वायरी — सेट काढून घेतला. ज्योतीराम म्हणाला, “अवो, दादाला काय सांगू मी?” मी गाडीला किक मारली.

सेटमध्ये माझे एकवीस संदेश. एकही उघडलेला नाही.

पाच महिने मी एका टेम्पोकडे बघून जेवत होतो!

शनिवार, १५ फेब्रुवारी

बापाला बनवलं. कुठलाही टेम्पो फिरवा, म्हाताऱ्याला काय कळतंय! क्लबातल्या कोणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही.

पद्मा म्हणाली, “आज नकाशा नाही बघितला?” म्हटलं, “रिले ठीक आहे.” ताट तसंच सारलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

त्याच्या तीन मित्रांकडे गेलो. एकाने दार पुरतं उघडलं नाही. दुसरा म्हणाला, “काका, त्याने सांगू नका म्हणून शपथ घातलीय.” पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. तिसऱ्याच्या आईने चहा दिला, तो पिऊन आलो.

गुजरात केवढं मोठं आहे!

सोमवार, १७ फेब्रुवारी

पद्माला भरती केलं. उद्या सकाळी ८ ला घेणार. संध्याकाळी तिने मंगळसूत्र, बांगड्या काढून रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या. मोकळे हात बघवेनात.

एकदम बोलून गेलो, “ओजस येतोय.”

तिने मान वर केली. “तुमचं बोलणं झालं?”

“झालं. निघालाय. उद्या पोचेल.”

तिचा चेहरा असा उजळला — सात महिन्यांत बघितला नव्हता. माझा हात दाबला. “बरं केलंत,” म्हणाली. “फार बरं केलंत.”

खोटं बोललो. जे पोचलं नाही ते पोचलं म्हणून कधी रेडिओच्या लॉगमध्ये लिहिलं नाही मी. आता उद्या काय तोंड दाखवू? आणि तिला काही झालं तर? याच खोट्यावर विसंबून ती आत जाणार!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साडेचार तास लागले. झडप बसली, ठीक आहे म्हणाले. संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं. तिचे डोळे मिटलेले, गुंगी पूर्ण उतरलेली नव्हती. मी नुसता हात धरला.

“आलास, ओजस?” म्हणाली. “साणंदहून कधी निघालास? गुजरात केवढं लांब!” मग अगदी हळू — “टेम्पोतला सेट काढू नकोस हं अजून. ठिपका हलला नाही की ते जेवत नाहीत. आणि मीच तुला ठेवायला लावला, हे त्यांना सांगू नकोस.”

मी म्हणालो, “नाही सांगत, आई.”