आगपेटीवरच्या देवांचे विसर्जन

आषाढ शुद्ध द्वादशी, शके १८८३. म्हसावद.
आजपासून ही रोजनिशी. हेतू एकच, चुनीलाल दुकानदाराच्या अधर्माची नोंद. आगपेटीवर लक्ष्मी, उदबत्तीवर शंकर, धोतराच्या ताग्यावरील तिकिटावर मुरलीधर. माल संपला की देव गटारात. ही लेबले रंगविणारे चित्रकार नरकातही रंगच कालवीत बसोत.
सायंकाळी राममंदिरात पोथी सांगून झाल्यावर संकल्प सोडला : रस्त्यावरचे सर्व भंगलेले कागदी देव वेचीन आणि अनंत चतुर्दशीस वाहत्या पाण्यात सोडीन. मागून चुनीलाल म्हणाला, “नई सोडात तर, बाबा?” तर तीस वर्षांचे हे व्यासपीठ सोडीन, असे बजावले. उत्तम झाले.

आषाढ वद्य तृतीया.
सतरा लक्ष्म्या, चार शंकर. एका लक्ष्मीचा लाल रंग सरकून कुंकू नाकावर आले आहे. छापखान्याचा धिक्कार असो. शत्रूचा अभ्यास हवा म्हणून सर्व देव ओल्या फडक्याने सोडवून, पाटावर वाळवून, बिस्किटांच्या टिनात ठेवले.

आषाढ अमावास्या.
केवळ तपासणीसाठी चुनीलालच्या दुकानी. सहा आगपेट्या घेतल्या. घरी दोन डझन आहेत, पण त्यांवरील लक्ष्मीच्या कमळास पाकळ्या पाच, यांवर सात. धर्मपत्नी जसोदाबाई म्हणाली, “इतल्या कसाले? आपली चूल एकच शे.” पुरावा, असे उत्तर दिले. स्त्रियांस पुराव्याचे महत्त्व कळत नाही.

श्रावण शुद्ध पंचमी. दुपार.
आज निव्वळ अक्षरांचा निषेध. निळीच्या पुडीवर ‘कोंबडा छाप’ हे दोन शब्द. शिरोरेषा तुळईसारखी जाड. तिच्याखाली पिवळी अक्षरे पंगतीस बसल्यासारखी, पोटे सुटलेली. आणि ‘छ’ची गाठ अशी की दृष्टी तिच्यात शिरली की बाहेर येत नाही. किती निर्लज्ज! तासभर पाहिले तेव्हा कोठे निर्लज्जपणा पूर्ण ध्यानात आला. कोंबडा देव नव्हे, हे मान्य. तुलनेकरिता टिनात ठेवला.

श्रावण वद्य अष्टमी.
कृष्णजन्माचा अध्याय. पोथीची अक्षरे आज प्रथमच उपाशी भासली. चष्म्याचा दोष. पहिल्या रांगेतला दगा नावाचा सालदार गडी मोठ्याने बोलला, “बाबा, पोथीमा खूण कसानी शे? मुरलीधरनं तिकीट दिसस!” श्रोते हसले. दगा निरक्षर आहे. तरीही क्षमा केली नाही.

भाद्रपद शुद्ध दशमी.
टिन भरला. जसोदाबाईचे म्हणणे, “कचरा शे तर टाका, देव शे तर पूजा करा. तिसरं काय शे?” उत्तर देण्यायोग्य प्रश्न नव्हे.
संकल्पाचा शास्त्रार्थ लावला. शब्द ‘भंगलेले’ होता. ज्यांचे मुख अभंग, ते विसर्जनास अपात्र. खरे भंगलेले अकराच निघाले. ते वर बांधीन, खाली जुन्या पंचांगाची रद्दी. गाठोडे भरघोस दिसेल. चुनीलालचे तोंड कायमचे बंद.

भाद्रपद शुद्ध चतुर्दशी. दिवेलागण.
घरोघरचे गणपती घेऊन सारे गाव नदीवर. गाठोडे घेऊन पोहोचतो तो जसोदाबाई गुडघाभर पाण्यात उभी, हाती माझा टिन, उपडा. म्हणाली, “तुमनं आसन जाई म्हनीसन डबा मीच लई उनू.”
सात पाकळ्यांची कमळे वाहत निघाली होती. पुढचे नीट आठवत नाही. धोतरासह छातीभर पाण्यात होतो. हाती एकच लागले. ते मुठीत घेऊन वर आलो. काठावरून दगा ओरडला, “बाबा, कोनता देव वाचाडा?” चुनीलालने माझी मूठ सोडविली आणि सर्वांस दाखविले.
“हाऊ देव नई. कोंबडा शे.”

भाद्रपद पौर्णिमा.
सर्दी. तथापि संकल्प पत्नीच्या हस्ते सिद्धीस गेला, व्यासपीठ अबाधित. सायंकाळी बसलो, पोथीचे फडके सोडले. मागच्या रांगेत कोणी आरवले. नंतर मधल्या. नंतर, मला वाटते, पुजारीही.
पोथी बांधून घरी आलो.
कोंबडा तुळशीजवळ वाळत आहे. नीळ सारी उतरली. अक्षरे मात्र पाण्यातही फुटली नाहीत. किती निर्लज्ज.