दळण कुठं टाकता?

अण्णा, परवा दुपारी टेंभुर्णीकडून एक फोन आला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीला लागलेही नव्हते, म्हणून आधी सांगते. सोलापुरात रुग्णवाहिका पाठवणाऱ्या केंद्रात मी नकाशा विभागाची प्रमुख आहे. लोक फोन करतात, आमच्या मुली पडद्यावर जागा शोधतात आणि जवळची गाडी धाडतात. तुम्ही सायकलवरून पत्रं वाटायचात, मी खुर्चीत बसून गाड्या वाटते.

तुमची ती खोड आठवते. अनोळखी माणूस भेटला की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, दळण कुठं टाकता? माझी कॉलेजची मैत्रीण पहिल्यांदा घरी आली, तर तिलाही विचारलंत. ती बावरली. ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन तुमच्यावर चिडले, लोकांना असलं काय विचारता, मला लाज वाटते म्हणून. तुम्ही आईशेजारी पाटावर शेंगा फोडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "माळी वस्ती गावागावात हाय, पोरी. पर दळणाचा डबा घिऊन कोन लांब जातंय व्हय?" मी ऐकलं आणि सोडून दिलं.

ते सोडून देणं पुढं महागात पडलं. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हातारबाबांना अर्धांगाचा झटका आला. घरच्यांनी माळी वस्ती सांगितली आणि मी नकाशात त्या नावाची एकच वस्ती भरली होती. गाडी तिथं गेली. खरी वस्ती दुसऱ्याच गावाच्या शिवारात. बाबा वाचले, पण त्यांचा उजवा हात गेला तो गेलाच. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. मग मी गावोगाव फोन करून प्रत्येक वस्तीपुढं तिची पिठाची गिरणी भरायला घेतली. ऑफिसातली मुलं हसली, हसू दे म्हटलं. आता सारख्या नावाच्या वस्त्या निघाल्या की पडद्यावर आपोआप तुमचा प्रश्न येतो, शब्दही तुमचेच. तरी माळी वस्ती म्हटलं की इतकी वर्षं मी स्वतः उठून मुलींच्या पडद्यापाशी जायचे.

परवा पुन्हा तेच नाव. बाई अडलेली, नवरा रडकुंडीला आलेला, फोन साधा, त्यामुळं जागा कळेना. आमच्या नव्या मुलीनं शांतपणे विचारलं, "दादा, दळण कुठं टाकता?" तो म्हणाला, "शाळंम्होरल्या गिरणीत की." तीन माळी वस्त्यांपैकी शाळेपुढची गिरणी एकीलाच होती. गाडी वेळेत पोचली. मुलगी झाली, आई सुखरूप आहे. मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

साहेबांनी कौतुकानं विचारलं, हा प्रश्न कुणाचा? मी म्हणाले, माझाच. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, पण त्याबरोबर स्वयंपाकघरातलं माझं बोलणंही आठवलं, आणि तुमचं नाव घ्यायची लाज वाटली. उद्या त्यांना खरं सांगणार आहे.

पाकीट आणलंय, वर तुमचं नावही घातलंय. पत्त्याशी येऊन अडले. पोस्टमनची मुलगी मी, पण तुम्ही आता दळण कुठं टाकता, तेवढं मला ठाऊक नाही.