रेषेवर बुटाचं टोक

ता. ४ मार्च
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

रविवारी क्लबात टेनिसची फायनल होती. रेषेवरचे पंच ऐनवेळी आजारी पडले. नियमांचं पुस्तक छापखान्यात मीच तपासलं होतं, म्हणून मला खुर्चीत बसवलं. सर्व्हिस तुझ्या भाऊजींची. एक पॉइंट मिळाला की कप यांचा. पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. दुसरी सुरेख पडली गं, पण चेंडूला रॅकेट लागायच्या आधीच डाव्या बुटाचं टोक रेषेवर! मी ओरडले, फूट फॉल्ट. दोन्ही सर्व्हिस वाया, पॉइंट समोरच्याला. तिथून जे घसरले ते हरूनच थांबले.

तेव्हापासून अबोला. शेजाऱ्यांना सांगतात, हिचा चष्म्याचा नंबर वाढलाय. स्वतः चष्म्याचे दुकानदार, त्यामुळे लोकांना पटतंही. माझं चुकलं का?

लोभ करतेसच, त्यात काटकसर नको.
तुझी ताई

ता. ९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतकी हसले की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. अगं, अशा वेळी बायका डोळे मिटून घेतात! पण तू गप्प बसली असतीस, तर मीच अबोला धरला असता. सरळ दुकानात जा आणि भाऊजींकडूनच डोळे तपासून घे. नंबर वाढला असेल तर माफी माग.

एक विचारू? इतकी वर्षं खेळतात, मग पाय आत्ताच कसा पुढे जायला लागला?

माया आहे तेवढी असू दे, वाढवलीस तर नको म्हणणार नाही.
तुझी चिमणी

ता. १६ मार्च
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

गेले. गिऱ्हाइकांच्या रांगेत बसले. यांनी अवाक्षर न काढता तपासायला घेतलं. शेवटची बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचली. नंबर तोच! मग खाली बघत म्हणाले, पाय रेषेवर गेला हे मला तेव्हाच कळलं होतं.

तुझा प्रश्न विचारला, तर गुडघा दुखतोय म्हणे, दोन महिने! भार सांभाळताना पाय आपोआप सरकतो. मी खेळू देणार नाही म्हणून लपवलं. मी आधी चिडले, मग रडले. यांनी डोळे पुसायला चष्म्याचं फडकं दिलं.

डॉक्टरांनी रॅकेट बंद केली आहे, पण पाय बरा होईल म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना यांनी आधाराला माझा हात धरला. पायऱ्या संपल्या, सपाट रस्ता लागला, घर आलं, तरी सोडला नाही.

अशीच माया असू दे.
तुझी ताई