मावशी, पडद्यावरून उतर!

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (शिलाई मशीनखाली पालथा पडून लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार अक्षरशः घडतो आहे. मांजरीनं बॉबिन पळवलं आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? विचारण्यामागे कारण आहे, पण ते मागाहून.

तर आम्ही मांजरी पाळली आहे. साधीसुधी नव्हे, बाप रानमांजर, आई घरंदाज. अंगावर ठिपके, पाय लांबलचक, आणि चाल अशी की आपणच तिच्याकडे भाड्यानं राहतो असं वाटावं. इतर मांजरं पाण्याला भितात, ही स्वतः नळ उघडून त्याखाली बसते (बंद करणं आमच्याकडे). जमिनीवरून थेट पडद्याच्या दांड्यावर उडी, मधे ना खुर्ची ना टेबल! मी जन्मभर कापड बेतलं, पण इतकं नेमकं बेतणं मला जमलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही तिनं फाडली, तर मी मुकाट्यानं नवी लावली आणि शाबासकी तिलाच दिली. तुझ्या भाचेसुनेनं मला वेड्यात काढलं, आणि स्वतः मात्र ही झोपली की मिक्सर लावत नाही.

वाघाची मावशी म्हणून नाव ठेवलं 'मावशी'. (रागावू नकोस, प्रेमानंच ठेवलं.) आणि इथेच माशी शिंकली. घरमालक खालीच राहतात आणि घरात प्राणी ठेवायचा नाही, ही त्यांची अट. वर धपधप कसली, असं त्यांनी जिन्यात विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मावशी आली आहे राहायला." यात खोटं एक अक्षर नाही. तेव्हापासून ते ऐकताहेत: "मावशी, पडद्यावरून उतर!" "मावशी, गिऱ्हाइकाला बोचकारू नकोस!" मावशीला आपण अगं-तुगंच करतो, त्यामुळे त्यांना शंकाही आली नाही. उलट मला बाजूला घेऊन म्हणाले, "वय झालं की होतं असं. सांभाळून घ्या हो त्यांना." भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरं सांगितलं, तर मांजरीला घालवावं लागेल; आणि तिच्यावाचून मला आता या घरात करमायचं नाही, मावशी.

माझा लोभ आहेच, फक्त आता तो दोन मावश्यांत वाटला जातो.

तुझा भाचा

ता. क. रविवारी घरमालक तुला भेटायला येणार आहेत. तेवढी ये. चढून दाखवायची गरज नाही, गुडघे दुखतात म्हण.

ता. क. २. मावशीनं काल गॅलरीतून खाली उतरून त्यांच्या काचेच्या टाकीतला सोनेरी मासा पळवला. "मावशी, आधी तोंडातला मासा टाक!" हे तुझ्या भाचेसुनेचं ओरडणं त्यांनी ऐकलं आहे. तुला माशाचा वासही सोसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण "कच्चाच खाल्लात?" असं ते विचारतील, तेव्हा मान खाली घालून 'हो' म्हण.