स्लॅबवरचं भात

कामतघर, भिवंडी
जुलै १९९७

प्रिय कौसल्या,

तुझं उत्तर येणार नाही असं धरूनच लिहायला बसले आहे, तेव्हा त्याची काळजी नको. आज सगळं अगदी पहिल्यापासून सांगणार आहे. मधेच ‘हे मला माहीत आहे गं, पुढे बोल’ असं म्हणायचं नाही. तुझी ती खोड जुनी आहे. मी गोष्ट सांगायला घ्यावी आणि तू शेवट सांगून मोकळी व्हावीस. इथे कागद माझा, पेन माझं, आणि माझ्या सातवी पास अक्षराला हसायला समोर कोणी नाही. नाही म्हणजे खरंच कोणी नाही.

आधी ताजी बातमी. यंदाचीही लावणी मी एकटीनेच केली. दवाखान्याच्या स्लॅबवरचा आपला तो वाफा, एका सतरंजीएवढा, त्यात कसली आली आहे लावणी, असं नव्या सिस्टर म्हणतात. पोरी चांगल्या आहेत, मला आजी म्हणतात, चहा आणून देतात. पण शिफ्ट संपली की पर्स उचलून रिक्षा पकडतात. मी वर जाते, कठड्याला टेकून बसते. चारी बाजूंनी कापडाच्या लूमची खटखट चालू असते. तू होतीस तेव्हा हीच खटखट मला ऐकू यायची नाही, कारण तुझी बडबड तिच्या वरची होती.

दुसरी बातमी अशी की दिवाळीनंतर ही माती निघणार आहे. दवाखान्यावर आणखी एक मजला चढवायचा ठरलं आहे, बाळंतिणींसाठी वाढीव खाटा येणार आहेत. आता यावर रागावणार कोणावर? खाटा हव्यात म्हणून तूच किती वेळा नगरपालिकेच्या साहेबांशी भांडलीस. मजला चढेल तेव्हा चढेल, पण माती निघायच्या आत तू एकदा वर यावंस, आपण दोघींनी एकदा कापणी करावी, एवढं एकच माझ्या मनात होतं. वर्षभर तेच घेऊन बसले होते.

बरं, आता पहिल्यापासून. तू या दवाखान्यात सिस्टर होतीस आणि मी आया. तुझ्या हातावर किती पोरं जन्मली ते नगरपालिकेलाही ठाऊक नसेल. आज कामतघरात निम्मी पोरं तुझी आहेत. तेव्हा आपला स्लॅब उघडा होता. मे महिन्यात तो तव्यासारखा तापायचा आणि खाली बाळंतिणी भाकरीसारख्या भाजून निघायच्या. तू खिडक्यांना ओल्या चादरी बांधायचीस. पावसाळ्यात त्याच स्लॅबचं सगळं पाणी एका पाइपातून थेट पायरीवर पडायचं. कळा सुरू झालेल्या बायका लुगडं गुडघ्यापर्यंत धरून विटांवरून उड्या मारत आत यायच्या. आणि उन्हाळ्यात चादरी धुवायला थेंब नाही, टँकरची वाट बघत मी बादल्या मांडून बसायची.

त्या वेळी बांधकाम खात्यात केसरीनाथ ओव्हरसियर होते, आमच्याच आगरी समाजातले. स्वभावाने तिरसट, पण डोकं चालणारा माणूस. ते म्हणायचे, पावसात पाण्याला हाकलून द्यायचं आणि मेमध्ये त्यालाच हात जोडायचे, हा कुठला कारभार! कुठेसं वाचून आले होते की छपरावर माती घातली तर खालची खोली गार राहते आणि पाणी सावकाश उतरतं. वरच्यांना पटवायला त्यांना वर्ष लागलं. मग स्लॅबवर डांबर झालं, विटांचे रोडे झाले, त्यावर तलावातून काढलेला गाळ आला. पाणी जायच्या भोकांना काथ्या लावला, पाइप फिरवून मागे सिमेंटची टाकी बांधली. गाळावर हरळी लावली आणि म्हणाले, आता इथे कोणी पाय ठेवायचा नाही.

मी पाय ठेवला. काय करणार? आमचे हे गेले, त्याच वर्षी दिरांनी शेलार गावचं आमचं भाताचं खाचर विकलं. तिथे पत्र्याचं गोडाऊन उभं राहिलं. ज्या मातीत मी नवी नवरी म्हणून उतरले होते तिच्यावर ट्रक उभे राहायला लागले. त्या जूनमध्ये माझे हात नुसते खाजत होते. आणि डोक्यावर ही एवढी माती, तलावाची, काळीभोर, रिकामी! मी कोपऱ्यातली हरळी उपटली. घरातलं थोडं बियाणं होतं. आता पेरायच्या आधी वाफा भाजायचा, त्याला राब म्हणतात, हे आमच्यात पोरासोरांनाही कळतं. शेण, पालापाचोळा, वाळका पेंढा असं मी वर नेलं, नीट थर रचले आणि काडी लावली.

ते पुढचं तुझ्याच तोंडून ऐकायला मजा यायची. धूर असा उठला की समोरच्या कारखान्यातले लूम बंद करून कामगार रस्त्यावर आले. कोणीतरी बंबाला कळवलं. तू दोन्ही हातांत दोन तान्ही पोरं घेऊन धावलीस, तुझ्या मागे बाळंतिणी, त्यांच्या मागे सलाईनची बाटली उंच धरलेला कम्पाउंडर. घंटा वाजवत आगीचा बंब आला, माणसं शिडी लावून वर चढली, आणि वर बघतात तर मी पदर खोचून काठीने निखारे सारखे करते आहे. ‘ओ बाई, आग किधर हाय?’ त्यातल्या एकाने विचारलं. मी म्हटलं, ‘आग न्हाय रं बाबा, राब हाय, भात पेरायचंय.’ तो बिचारा शेलारच्याच बाजूचा निघाला. पाइप खाली ठेवून म्हणाला, ‘मावशी, राब बरा जमलाय, पन जागा चुकली.’

केसरीनाथांनी मला इतकं झापलं की काही विचारू नकोस. डांबर वितळलं असतं तर? बरोबरच होतं त्यांचं. पण ओरडता ओरडता त्यांची नजर त्या भाजलेल्या वाफ्यावर गेली आणि आवाज खाली आला. त्यांचंही खाचर गेलं होतं ना. शेवटी म्हणाले, एवढ्या एका तुकड्यात काय करायचं ते कर, पण यापुढे आगपेटी वर न्यायची नाही. त्या पावसात स्लॅब गळला नाही. टाकी भरून वाहिली. पुढच्या उन्हाळ्यात तू ओल्या चादरी बांधायला विसरलीस, इतका वॉर्ड बरा होता.

आता जे सांगणार आहे ते आपल्या दोघींतलं आहे. रोपं लावणीला आली आणि मी तुला म्हटलं, चल वर, सोबत कर. तू हातातलं काम न थांबवता म्हणालीस, ‘माझी आई तुमच्या लोकांच्या शेतात वाकली. मी नाही वाकणार.’ बास. एवढंच. मी खाली मान घालून निघून गेले. दोन दिवस आपण फक्त गरम पाणी दे, कापूस दे, एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी वर एकटीच चिखलात उभी, आणि तू जिना चढून आलीस. ड्युटी संपलेली, पांढरी साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, चपला हातात. म्हणालीस, ‘अंगठा कुठे ठेवायचा ते सांग. आणि हे बघ, मी तुझ्या शेतात वाकत नाही. नगरपालिकेच्या स्लॅबवर वाकते आहे.’

मी इतकी हसले की चिखलात बसलेच. मग तूही हसलीस. रोपं तू एवढी खोल खुपसलीस की मला निम्मी उपटून परत लावावी लागली. त्या संध्याकाळी कठड्यावर पाय सोडून बसल्यावर तू आईचं सांगितलंस. बांधावर वेगळं बसवून तिच्या पानात वरून भात टाकायचे, आणि लहानपणी तू ते शेजारी बसून बघायचीस. कौसल्या, असा वरून टाकलेला भात मी आमच्या सासऱ्यांच्या बांधावर पाहिला होता. लहान नव्हते मी तेव्हा, पण मला तो दिसलाच नव्हता. तू सांगितल्यावर दिसला.

दसऱ्याच्या सुमाराला कापलं. दोनच पेंढ्या! कांडून एका पातेल्याचा तांदूळ निघाला. माझ्या खोलीत मी भात केला, सुकटीचं कालवण केलं, आणि तू पातेल्यात डाव घालून आधी माझ्या ताटात वाढलंस, मग स्वतःच्या. सासूबाई तेव्हा माझ्याकडेच होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘तिनं भांड्याला हात लावला, आता मी तुज्या हातचं पानी न्हाय घेनार.’ मी म्हटलं, मग टाकीचं घ्या, ते आभाळाच्या हातचं आहे. संध्याकाळपर्यंत त्यांनी मुकाट्याने चहा मागितला.

तेव्हापासून तू रिटायर होईपर्यंत एकही लावणी तू चुकवली नाहीस. यादव, तुझा मुलगा, बँकेत लागला, त्याची नाशिकला बदली झाली आणि तो तुला घेऊन गेला. त्यात वाईट काही नाही, मुलाकडे नाही तर कुठे राहायचं? तू गेल्यावर मी दोन वर्षं दोघींच्या मापाचाच भात टाकत होते आणि उरलेला सकाळी परतून खात होते. माझी लेक पनवेलला, ती म्हणते इकडे ये. मी म्हणते, दवाखाना आहे, टाकी धुवायची आहे, कठड्यावर वेल चढवायचे आहेत. खरं म्हणजे कोणी विचारलं, तर मला इथे तुझी वाट बघायची होती. पहिल्या वर्षी तुझी पत्रं आली, दुसऱ्या वर्षी छोटी छोटी, मग नाहीच. मी दोन कार्डं टाकली. उत्तर नाही म्हणून तुला मनातल्या मनात काय काय बोलले! नाशिकला जाऊन बाई मोठी झाली, आयाला कशाला लिहील, असंसुद्धा.

मग परवा यादव आला. मला वाटलं तुला घेऊनच आला. मी त्याच्या मागे बघत राहिले. तो स्टुलावर बसला, पाणी प्याला आणि हळूहळू सांगायला लागला. तू घरातून निघून रस्ता चुकतेस. सुनेला नवी सिस्टर समजतेस. त्याला, पोटच्या पोराला, ‘तुम्ही कोणाबरोबर आलात, पेशंट कुठे आहे?’ असं विचारतेस. माझी कार्डं त्याने तुला वाचून दाखवली, तर जानकी कोण म्हणालीस. डॉक्टर सांगतात की जुनं पुन्हा पुन्हा ऐकवा, काही आठवलं तर आठवलं. यादव म्हणाला, ‘मावशी, मला यातलं काहीच माहीत नाही. मी तेव्हा होस्टेलला होतो. तुम्हीच लिहून द्या, पहिल्यापासून. मी रोज वाचून दाखवीन.’ म्हणून हे सगळं, तुला माहीत असलेलं, कोणी कोण हे सांगून सांगून लिहिलं. यादव, सावकाश वाच रे बाबा, आणि बंबाच्या ठिकाणी थांब, तिथे ती हसते. कौसल्या, मी कसारा घाट कधी चढले नाही, पण येत्या रविवारी एसटीने येते आहे. दारात आल्यावर माझं नाव यादवने सांगायचं नाही. मी सांगेन. मी जानकी, शेलारची, कामतघरच्या दवाखान्यातली आया, तुझी मैत्रीण. तू पुन्हा विचारलंस तर पुन्हा सांगेन. दिवसभर विचारलंस तर दिवसभर सांगेन, मला दुसरं काय काम आहे?

तुझीच,
जानकी