चौकटीवरचं बिऱ्हाड

प्रिय एल्विरा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू पत्र फाडायला घेशील, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. घर झालं, दार नाही. आणि या वेळी दोष माझा नाही, होर्नेरो पक्ष्यांच्या जोडप्याचा आहे.

यंदा पाऊस नाही, नदीकाठही तडकलाय. अख्ख्या गावात ओला चिखल फक्त माझ्या विटांच्या खड्ड्यात, पेंढा घालून घोडीकडून तुडवून घेतलेला. दोघांनी तोच पळवला आणि माझ्याच चौकटीच्या माथ्यावर पावाच्या भट्टीसारखं घरटं थापलं. सोळा दिवसांत. मला चार महिने लागले, हे बासिलिओकाका गावभर सांगत फिरतात. वर मलाच म्हणतात, "तो पक्षी फक्त रविवारी सुट्टी घेतो पोरा, तू रविवार सोडून सगळे वार घेतोस." मी भडकून घरट्यावर काठी उगारली. तर दोघं शेजारी उभी राहून पंख फडफडवत माझ्यावरच ओरडली. तो भराभर, ती सावकाश, पण शेवटचा सूर तिचा. मला आपल्या दोघांची आठवण झाली. काठी खाली ठेवली. आई म्हणाली, "कॉलेजात सरांपुढे जीभ अशी आवरली असतीस तर आज पदवी असती."

आता आत अंडी आहेत. दार बसवायचं तर चौकट हलवावी लागेल, म्हणजे घरटं फोडणंच. तुझे बाबा रोज घोडा थांबवून विचारतात, "काय जावईबापू, दार बसलं?" त्यांची अट तुला ठाऊक आहे: महिनाअखेर दार बसलं तर लग्न, नाहीतर तू रोसारियोतच शाळेतली नोकरी धरायची. पिल्लं उडायला अजून महिना तरी जाईल.

परवा कुंपणाच्या खांबावरचं गेल्या वर्षीचं रिकामं घरटं पडून फुटलं. आत पाहिलं, तर त्याच्या दारातून शिरलं की समोर एक वळणाची भिंत आणि खोली तिच्या आड. वारा आत जातच नाही. तू हीच भिंत मागितली होतीस. मी म्हणालो होतो, "घर मी बांधतोय, माझा चिखल वाया घालवू नकोस." त्याच दुपारी तू बस पकडलीस. या पक्ष्यांत चिखल दोघंही आणतात, एल्विरा. मला वाटायचं, नरच बांधतो.

तर, पत्राचं कारण. नऊ दिवस उरलेत आणि घरटं मी फोडणार नाही. तुझ्या बाबांना तसं तोंडावर सांगून आलो, न भांडता. "मग आता?" ते म्हणाले. म्हटलं, एल्विराला विचारतो. पहिल्यांदाच त्यांनी टोमणा मारला नाही. भिंतीपुरता चिखल भिजवून वर गोणपाट टाकून ठेवलाय, त्या दोघांपासून लपवून. भिंत कुठे घ्यायची ते येऊन सांग. दार नाहीच, त्यामुळे ठोठावावंही लागणार नाही.

तुझाच, अजून बिनदाराचा,
फौस्तो