जिला ठेवायचं, तिला आधी डोकं द्यावं

मंगळवार, ४ मार्च

'काचेवरची "पाहिजेत" ही पाटी वाचून आत शिरलेल्या माझ्या बहिणींनो! तुम्ही नोकरी मागायला गेलात, आणि दिवसभर फुकट राबून, दुसऱ्यांच्या केसांनी भरलेल्या चपला घालून घरी आलात!'

पार्लरांत राबणाऱ्या आम्हा बायकांच्या सोमवारच्या सभेत अशी सुरुवात करावी. सोमवारी सगळी पार्लरं बंद, म्हणजे न यायला कुणाला निमित्त नाही. केसांनी भरलेल्या चपला— हे जमलंय. जिने सोसलंय तिला लगेच टोचेल.

आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. आतून आमच्या ह्यांचा आवाज: "टाळ्या आत्ताच वाजवू, की सोमवारी?"

बुधवार, ५ मार्च

आज पुन्हा एक चाचणीवाली!

चाचणी म्हणजे काय, तर सकाळी यायचं, बायकांची डोकी धुवायची, वाळवायची, रंग कालवायचा, फरशीवरचे केस गोळा करायचे, आणि संध्याकाळी "कळवतो" एवढं ऐकून चालू लागायचं. उद्या दुसरी. आमच्याकडची एक जागा गेल्या उन्हाळ्यापासून रिकामी आहे. ती भरली, तर रोज नवे फुकटचे हात कुठून येणार? मालकाची सगळ्यात कमाऊ खुर्ची तीच, रिकामी असलेली.

आजची बाई चाळिशीच्या पुढची. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं स्वतःचं पार्लर होतं. रस्त्यावर काचेची दुकानं झाली आणि ते बसलं. डावरी आहे. स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळून आणते, कारण उजव्या हाताची कात्री डाव्या हातात केस कापत नाही, नुसते मुडपते. आम्ही तिचं नाव डावरीच ठेवलं.

मालकाने विचारलं, "फॉलोअर्स किती?"

ती म्हणाली, "गिऱ्हाइकं होती ना. घर बदललं तरी मागे यायची."

सगळे हसले. मीही हसले! तिने विनोद केलाच नव्हता.

ही तिची तिसरी खेप. "अजून एकदा बघू, मंगळवारी या," मालक म्हणाला. जाताना माझ्याजवळ थांबली. "ताई, घरात मिळवणारी मी एकटी. मंगळवारी नाही झालं तर कात्री विकते आणि कपड्यांच्या दुकानात घड्या घालायला उभी राहते." तक्रारीचा सूर नव्हता. उद्या भाजी कोणती करायची ते सांगावं, तसं सांगितलं.

शुक्रवार, ७ मार्च

भाषण पुढे सरकत नाही.

कामगारांच्या इतिहासाची चार बुकं काढून बसले. गिरण्यांचं आहे, खाणींचं आहे, बंदरांचं आहे. आमच्या धंद्याचं पान नाही. संपात गिरणीचा भोंगा थांबतो. आमचं काय थांबणार? ड्रायर?

काळ कुठे चाललाय ते दिसतंय. दुकानं वाढली, नोकऱ्या आटल्या. पगारी बाई नको, टक्केवारीवरची हवी. किंवा खुर्चीचं भाडं देणारी, स्वतःचं गिऱ्हाईक घेऊन येणारी. म्हणजे नवरीनेच मांडव, वाजंत्री आणि नवरासुद्धा घेऊन यायचं! वय पंचविशीच्या आत. आणि परीक्षा हाताची नाही, फोनवरच्या व्हिडिओची.

हे सगळं दुपारी पार्लरमध्ये जेवताना तावातावाने बोलले, तर आमची थ्रेडिंगवाली दातात दोरा धरल्यासारखं तोंड करून म्हणाली, "लाऊडस्पीकर, थोडा आवाज कमी. मला टक्केवारीच बरी. पोराला ताप आला की तोंड वेंगाडून रजा मागावी लागत नाही."

तिचंही खरं आहे. पण रजा मागायला तोंड वेंगाडावं लागतं, ही चूक पगाराची, की रजा देणाऱ्याची? हे तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. मला नेहमी हात धुताना सुचतं.

मोठ्या मालकीणबाई आठवल्या, आताच्या मालकाच्या आई. मी कामाला आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. स्वतः खुर्चीत बसल्या, गळ्याला कापड बांधून घेतलं आणि म्हणाल्या, "घे. काय करायचं ते कर." मागे एका बाजूला जरा आखूड झालं. त्या तेच केस घेऊन महिनाभर बाजारात, लग्नाकार्यात मिरवल्या. म्हणायच्या, "जिला ठेवायचं, तिला आधी डोकं द्यावं. आपलं जोखमीत नसेल तर ती परीक्षा कसली? नुसती मजा!"

सोमवार, १० मार्च

सभा झाली. हॉल भरला होता. चपलांच्या वाक्याला टाळ्या कडकडल्या. मी पेटलेच. "रिकामी जागा हे भुकेल्यासमोर हलवलेलं ताट आहे!" म्हणाले. शेवटी निषेधाचा ठराव, सगळे हात वर.

मग मागे एक हात वरच राहिला. डावा.

डावरी उभी राहिली. "ताई, फार छान बोललात. मीही टाळ्या वाजवल्या. पण उद्या मला पुन्हा बोलावलंय. जाऊ की नको?"

जा म्हणावं, तर भाषण खोटं. नको म्हणावं, तर तिची चूल मी पेटवणार आहे का? मी म्हणाले, "आपण यावर सविस्तर विचार करू."

सविस्तर! शब्दांची कोठारं भरून ठेवलीत, आणि एका बाईच्या ओंजळीत टाकायला दाणा नाही.

हे घरी येताना एवढंच म्हणाले, "प्रश्न तिचा चांगला होता."

मंगळवार, ११ मार्च

ती आली. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीकडे वळायच्या आत मी जाऊन बसले. काचेजवळच्या खुर्चीत, रस्त्यावरून दिसेल अशी.

मालक आला. "काय चाललंय?"

"चाचणी. तुमच्या आई घ्यायच्या तशी."

माझी वेणी! व्यासपीठावर मी चढायच्या आधी लोक तिला ओळखतात. ती सोडली आणि डावरीला म्हणाले, "घे. काय करायचं ते कर."

तिने केसांतून नुसता हात फिरवला. बराच वेळ. "ताई, खाली सगळे झिजलेत. नुसती लांबी सांभाळलीय तुम्ही." मग कात्री चालू. आरशात तिचा डावा हात उजवा दिसत होता. मी डोळे मिटले. इतकी गप्प मी कधी बसले नसेन.

उघडले तेव्हा केस खांद्यावर होते, आणि आरशातली बाई ऐकून घेणारी वाटत होती.

उठले तर मागे थ्रेडिंगवाली, गळ्याला कापड बांधून तयार! "सरक. टक्केवारी माझी आहे, डोकंही माझंच." तिच्यामागे रंगवाली. सकाळभर धंदा ठप्प. बाकावरची गिऱ्हाइकं बघत राहिली, आणि एकजण म्हणाली, "मलाही हिच्याच हातचं हवं."

मालक फोनवर बोलत बाहेर फेऱ्या मारत होता. संध्याकाळी तिला म्हणाला, "कळवतो."

बुधवार, १२ मार्च

मान हलकी. वेणी मागे टाकायला हात जातो आणि हवेत राहतो.

शुक्रवार, १४ मार्च

मालकाने कळवलं. डावरीला ठेवलं, पगारावर! माझ्या जागी. मला काढलं, रिकामी जागा रिकामीच. "तुम्हीच म्हणत होतात ना, जागा भरा? भरली."

संध्याकाळी ती माझ्या घराच्या दारात, फडक्यातली कात्री छातीशी धरून. "ताई, तुम्ही सांगाल तसं. नाही म्हणून येऊ?"

या वेळी सविस्तर विचार केला नाही. "मुकाट्याने घे. आणि ऐक. उद्या तिथे जी कुणी चाचणीला येईल, तिच्या खुर्चीत सगळ्यात आधी तू जाऊन बस."